चितेचं लाकूड

एकाहत्तरात आपल्याला सोडवायला आले आणि इथंच मेले, त्या तीन भारतीय शिपायांचं स्मारक पन्नास वर्षांनी मेघनेच्या काठी उभं राहिलं. पाटीवर शिपायांची नावं मुंगीएवढी, चेअरमनच्या बापाचं हातभर. मोफिजुल चेअरमन माइकवर गळा काढत होता, "चितेला लाकूड पुरेना, तेव्हा माझ्या मरहूम अब्बांनी स्वतःच्या घरातलं लाकूड काढून दिलं!" लोकांनी टाळ्या पिटल्या.

मागं उन्हात बसलेल्या म्हाताऱ्या सोफुरानं पानाची पिंक टाकली आणि ती उठली. "लाकूड माझं होतं रे. पाटी बदल."

चेअरमननं माइकवर हात धरला. "खाली बस, खाला. बिर्याणीचं पाकीट तुलाही मिळेल."

"तुझी बिर्याणी कुत्र्याला घाल. आधी पाटी बदल."

"कशाच्या जोरावर? दाखला आहे? सही-शिक्का आहे? काही पुरावा?"

मांडवातले लोक हसले. सोफुरा हसणं थांबेपर्यंत उभी राहिली.

"तुझ्या बापाच्या घराला आठ दारं. लाकूड मागायला मी गेले, तेव्हा आठही आतून बंद होती. आजही आठही शाबूत आहेत, जाऊन मोज. मग माझ्या घरी ये. पोत्याचा पडदा बाजूला सार आणि सरळ आत ये. दार वाजवत बसू नकोस. ते त्यांच्याबरोबर जळलं."