रविवारचे जंतू

भीमराजदादा पवईला पीएच.डी. करतो. विषय काय, तर पोटात अन्नाचं जे होतं तेच ड्रममध्ये जंतूंकडून शेणाचं करून घ्यायचं आणि गॅस काढायचा! मरोळच्या आमच्या खोलीमागे त्याचा ड्रम आहे. त्यात रोज मोजून एक किलो शेण जातं, दुसरं काही टाकायचं नाही अशी सगळ्यांना ताकीद आहे.

पण डब्यात रोज दुधी, आणि मला तो मुळीच आवडत नाही ना! शाळेत मी मीनल शाहच्या डब्यातला ढोकळा खायचे, आणि घरी आल्यावर माझा भात-भाजीचा डबा कालवून गुपचूप ड्रमच्या पाइपात ओतायचे. रिकामा डबा बघून आई खूश व्हायची. "पहाटे पाचला उठल्याचं चीज झालं गं," म्हणायची.

काल दादाने चार महिन्यांचा ग्राफ जमिनीवर पसरला. डोळे जागरणाने लाल. "सहा दिवस झकास गॅस, आणि दर रविवारी धाडकन खाली! कारण सापडल्याशिवाय सर प्रबंध पुढे जाऊ देणार नाहीत. वाट लागली माझी."

मला सगळं सांगून टाकायचं होतं, पण तोंडातून निघालं भलतंच. "रविवारी जंतू दूरदर्शनवर सिनेमा बघत असतील."

दादा बिचारा हसला. माझ्याच्याने त्याच्याकडे बघवेना.

आईला लिहिता-वाचता येत नाही. चपात्या लाटता लाटता तिने वाकून त्या रेघेचे चढउतार पाहिले, मग बराच वेळ माझ्याकडे पाहिलं.



"भीमराज, रविवारी मी हिचा डबा करत नाही रे."