इतर उत्पन्न

दाराची चौकट साहेबांच्या कपाळाला खाडकन लागली. त्यांच्यामागून पाहणीवाली वाकून आत आली आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर फॉर्म घेऊन बसली.

"बसा, बसा," म्हातारा शिंपी कापडं बाजूला सारत म्हणाला. तेवढ्यानेच त्याला धाप लागली.

सकाळी यादी हातात आली तेव्हाच ही गल्ली बदलून मागावी, असं तिच्या मनात आलं होतं. पण खात्यात येऊन जेमतेम महिना झालेला. नव्या माणसाने तोंड कुठे उघडायचं? आता मात्र आपण गप्प बसलो याचं तिला फार वाईट वाटत होतं.

नवा आरोग्य कायदा आल्यापासून घरोघर ही पाहणी चालू होती. देशात औषधपाण्यावर किती खर्च होतो, घरात किती पैसा येतो, सगळं विचारायचं. महिन्याची मिळकत दहा हजारांच्या आत असली की कार्ड मिळे आणि ऑपरेशन फुकट होई. वर गेली, तर ज्याचं त्याने बघायचं.

"आजार?" तिने मान न उचलता विचारलं.

"हृदयाची झडप. वर्षभरात ऑपरेशन झालं नाही तर काही खरं नाही, म्हणतात डॉक्टर."

"शिलाईचे किती सुटतात?"

"चार हजार. दोन मशिनं होती, तेव्हा बरं चालायचं. एक बायकोच्या आजारपणात गेलं."

तिचं पेन क्षणभर थांबलं. "इतर उत्पन्न? कुणी पैसे पाठवतं?"

"कुणी नाही."

तिचा जीव भांड्यात पडला. आता कार्ड नक्की होतं.

"मुलंबाळं?" कपाळ चोळत साहेबांनी मध्येच विचारलं.

"एक मुलगी. नोकरी करते."

"आणि बापाला छदामही नाही? बघितलंत, बाई? बाप असा धापा टाकतोय आणि पोरगी खुशाल. अशांना जनाची नाही, निदान मनाची तरी?"

ती फॉर्मवर आणखी वाकली. तिचे कान तापले होते.

म्हाताऱ्याने हातातली कात्री खाली ठेवली. "पाठवते की. महिन्याला आठ हजार. न चुकता."

"मग मघाशी नाही कसं म्हणालात?"

"कार्डाचा मोह, साहेब. खोटं बोललो."

चोरी पकडल्यासारखे साहेब खूश झाले. "म्हणजे एकूण बारा. कार्ड विसरा, काका."

"असू द्या."

"काका, नीट आठवून सांगा." तिचा आवाज चिरकला. "ऑपरेशन हातचं जाईल."

"नीटच आठवतंय, ताई. माझी पोर गुणाची आहे. लिहा तुम्ही."

"लिहा हो, बाई," साहेब म्हणाले. "अजून सात घरं आहेत."

सहा वर्षांत या घराची पायरी न चढलेल्या, बापाला एक पैसाही न पाठवलेल्या त्या पोरीने मान खाली घातली आणि आठ हजार लिहिले.