दगडी चांदण्या

लुबोशनं चांदणीचं टोक चावलं, तोंड वाकडं केलं आणि तळहातावर थुंकून बघितलं. बिस्किटाचा टवकाही उडाला नव्हता. दाढेत भरलेली चांदी मात्र निघून हातात आली होती.

“फुटलं का?” त्याच्या बहिणीनं, इरेनानं विचारलं. “बिस्किट म्हणतेय मी.” आणि स्वतःच्याच विनोदावर खो खो हसली.

लुबोशच्या बायकोच्या, ब्लांकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नाताळच्या आदल्या संध्याकाळची पंगत यंदा पहिल्यांदाच तिच्या घरी व्हायची होती. दहा माणसं, आणि प्रत्येकाच्या ताटाशी ज्याच्या त्याच्या नावाची चांदणी. मधमसाल्याची, वर पांढऱ्या साखरेची जाळी काढलेली. तिचं लग्न झाल्यापासून गेली सतरा वर्षं हा मान सासूबाईंचा. सतरा वर्षांत त्यांनी ब्लांकाला अंडी फेटण्यापलीकडे कशाला हात लावू दिला नव्हता. कृती मागितली की म्हणायच्या, ती माझ्या डोक्यात आहे, मी मेले की घ्या शोधून.

नोव्हेंबरात काय झालं कोण जाणे, त्यांनी आपणहून कृती लिहून दिली. वर बजावलं, की यातलं कणभर इकडचं तिकडे करायचं नाही, आपलं शहाणपण घालायचं नाही. ब्लांका हरखून गेली. कृतीत खाण्याचा सोडा नाही, हे तिच्या लगेच लक्षात आलं होतं. तिला वाटलं, हेच तर यांच्या घराण्याचं गुपित असणार. माणशी सहा अशा साठ चांदण्या तिनं कापल्या, भाजल्या, दोन दिवस मान मोडून त्यांच्यावर नावं काढली. भाजल्यावर त्या कडक होतातच. डब्यात सफरचंदाची फोड घालून तीन आठवडे ठेवल्या की मऊ पडतात, हे त्रेबीच गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ब्लांकानं तीन आठवडे फोडी बदलल्या. सफरचंदं संपली, चांदण्या दगडाच्या दगड.

त्यात सासूबाईंचा रोजचा फोन. चांदण्या मऊ पडल्या का? अजून नाही? तुझा तो नवा ओव्हन नीट तापतो ना गं? रोज न चुकता हेच. माणसानं जखमेवर मीठ चोळावं, पण किती!

“आईंनी मुद्दाम सोडा गाळला,” ब्लांका म्हणाली.

लुबोश गाल धरून पुटपुटला, की विसरली असेल.

“चाळीस वर्षं करणारी बाई सोडा विसरते होय? आणि तुझी आई? आपल्या लग्नातला केक किती बोटं खचला होता, ते जिला अजून पाठ आहे?”

लुबोश दाढेतून निघालेली चांदी कागदात गुंडाळत बसला. उत्तर दिलं ते इरेनानं. ती म्हणाली, म्हणूनच मी सांगत होते, यंदाही आईकडेच करू या. ब्लांकानं डबा उचलला आणि कोटाची बटणं न लावताच घराबाहेर पडली.

चौकात नाताळच्या जेवणासाठी विकायला ठेवलेल्या कार्प माशांच्या टाक्यांपाशी ही एवढी रांग. ब्लांका रांग मोडून सरळ पलीकडे गेली. कुणीतरी हाक मारली, तिनं मान वळवली नाही. आज काय तो सोक्षमोक्ष लावायचा. पंगतीला येऊ नका, आपलं ताट आपल्या घरी मांडा, असं तोंडावर सांगायचं. मग माणसं उरतील नऊ. विषम माणसं बसली की वर्षाच्या आत त्यातलं एक जातं म्हणतात. जाऊ दे, तिनं मनात म्हटलं, आणि तीन मजले चढून सासूबाईंच्या दाराशी पोचली.

दार उघडलं तशी ती सरळ स्वयंपाकघरात शिरली आणि टेबलावर डबा उपडा केला. चांदण्या खडखडत पडल्या, काही फरशीवर गेल्या. एकही फुटली नाही.

“हसा आता,” ती म्हणाली. “पोटभर हसा. माझी फजिती बघायची होती ना तुम्हाला? झाली.”

सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी एक चांदणी उचलली, टेबलाच्या कडेवर आपटली, नाकाशी धरली, पुन्हा आपटली. मग कपाटातून डबे काढायला लागल्या. एक, दोन, तीन, चार. चारही उघडून त्यांनी ब्लांकापुढे सरकवले. आत सुकलेल्या सफरचंदाच्या फोडी, आणि चांदण्या. साखरेची जाळी नेहमीसारखीच बारीक, रेघ कुठे हललेली नव्हती. पहिल्याच डब्यात वरच्या चांदणीवर ब्लांकाचं नाव होतं. तिनं ती उचलून टेबलाच्या कडेवर आपटली. तोच आवाज आला.

“ऑक्टोबरपासून चार घाणे झाले,” सासूबाई म्हणाल्या. आवाजात नेहमीचाच राग होता. “लुबोशला म्हटलं, माझा ओव्हन बिघडलाय, येऊन बघ. त्याला सवड नाही. म्हटलं, मग हीच कृती जशीच्या तशी तुझ्याकडे भाजून बघू. रोज फोन करत होते. एकदा तरी म्हणशील, मऊ पडल्या.”

सासूबाईंनी हातातली चांदणी टेबलावर ठेवली, पदराला हात पुसावेत तसे एप्रनला पुसले.

“तुझा ओव्हन नवा कोरा आहे. म्हणजे बिघडलंय ते माझंच काहीतरी. आता बघत काय बसलीस? सांग, काय विसरले मी?”