करंट बंद

कंपवाताच्या रुग्णाच्या मेंदूतल्या लहरी मोजायच्या, तर डोक्यात बसवलेल्या तारांचा करंट बंद करून आधी अर्धा तास थांबावं लागतं. मी बटण दाबलं आणि मस्यू बोरेल यांचे हात थरथरू लागले. बायकोनं, सोलांजनं, कॉफीचा कप त्यांच्या ओठांना लावला.

"मस्यू बोरेल, ग्रेनोबलच्या या इस्पितळात या वर्षातली ही सहावी खेप. आमच्या संशोधनासाठी एवढं का सोसता?" मी विचारलं.

"संशोधन गेलं चुलीत," ते थकून म्हणाले. "करंट चालू असला की हात ऐकतात, पण जीभ जड होते. माझं बोलणं हिला कळतच नाही."

सोलांजनं खुर्ची जवळ ओढली.

"मी हट्टी कशी, हे सांगताना मागच्या वेळी तुझा अर्धा तास संपला होता. हं, बोल आता."