आत काय आहे?

"आत काय आहे?" कुरिअरच्या काउंटरमागून दीपमालाने विचारलं.

"लाडू. डिंकाचे," रणजित म्हणाला. बहीण बाळंतीण, पार्सल आईच्या हातचं. मग आत दुसरं काय असणार?

धायरीतलं ते दुकान कसलं, एक शटर आणि एक वजनकाटा. बाहेर रणजितने आपली भलीमोठी गाडी दुसऱ्याच्या गाडीला खेटून लावली होती, त्यामुळे त्याचा एक डोळा रस्त्यावर होता. आई, बायडाबाई, काउंटरला टेकून उभी होती. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती बाहेर पडत नसे. आज मात्र "मीबी येते" म्हणत आपणहून गाडीत येऊन बसली होती.

"उघडून दाखवा," दीपमाला म्हणाली.

"अहो मॅडम, लाडूच आहेत. बहिणीला काय बॉम्ब पाठवणार आहे का?"

"सगळे लाडूच म्हणतात. मग आतली तुपाची बरणी फुटते, शेजारच्या पार्सलमधली साडी बरबटते आणि शिव्या मी खाते. उघडा."

गाठोड्याची गाठ बायडाबाईनेच सोडायला घेतली. "लाडू न्हाईत बाई ह्यात."

आतून एक मऊ दुपटं निघालं. दोन झबली निघाली. मोहरी भरलेली इवलीशी उशी निघाली. दीपमालाचा सूर एकदम उतरला. "आजी, हे तुम्ही शिवलंत?"

"व्हय. लाडू काय, हैदराबादलाबी मिळत्यात." बायडाबाईने उशी हाताने सारखी केली आणि मुलाकडे न बघता म्हणाली, "मागल्या गाठोड्यातबी लाडू नव्हतेच."

रणजितची रस्त्यावरची नजर झटकन आईकडे वळली.

मागचं गाठोडं आईने बारशाच्या आधी त्याच्याकडे दिलं होतं. तेजस्विनीची नोकरी हैदराबादची. पहिलं बाळंतपण असूनही तिला माहेरी येता आलं नव्हतं, म्हणून निदान हे तरी वेळेत पोचव, असं आईने बजावलं होतं. रणजितने ते गाडीच्या डिकीत ठेवलं आणि आज जाऊ, उद्या जाऊ करता करता तिकडे बारसं उरकलं. मग या पठ्ठ्याने अक्कल लढवली. बहिणीला फोन केला, "तेजे, आईला म्हण, लाडू मिळाले, छान झालेत." तेजस्विनीने आधी त्याला यथेच्छ झापलं आणि मग आईला वाईट वाटायला नको म्हणून तसं सांगितलंही. पाठवायचं राहिलं ते राहिलं, निदान गाठ सोडून आत बघावं, एवढंही त्या शहाण्याला सुचलं नव्हतं.

"म्हणजे तेजी फोनवर लाडू म्हणाली..."

"तवाच कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? ल्योक खोटं बोलतोय आन् लेक त्याला झाकतीय. कुणापाशी बोलू?"

मागे एक गृहस्थ लिफाफा घेऊन उभे होते. ते भिंतीवरचं दरपत्रक अगदी मन लावून वाचू लागले.

"काय होतं त्यात?" रणजितने हळूच विचारलं.

"तुझी कुंची. तुझ्या आज्जीनं शिवलेली. तुला घातली, तेजीला घातली. म्हनलं, तिच्या पोराच्याबी डोक्यावर बारशाला तीच असावी." बायडाबाई आता दुपट्याची घडी उलगडून मध्ये जागा करत होती. "गाडीत असंल ना अजून? आण जा. ह्यातच घालू. बारसं गेलं तर गेलं, थंडी हाय अजून."

"घरी आहे, शोधतो," हे त्याच्या अगदी ओठांवर आलं. असली उत्तरं त्याच्याकडे कायम तयार असायची आणि तीही इतकी साधी की समोरच्याला पटावीत. पण आईने दुपट्यात केलेली ती वीतभर जागा त्याच्यासमोर होती आणि ती काही केल्या नजरेआड होईना.

"नाही आई. टाकलं मी ते. घंटागाडीत," तो म्हणाला. "वाटलं, लाडवांना बुरशी आली असेल."

"न उघडता?"

"न उघडता."

रणजितला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईने आता चारचौघांत मुस्काटात द्यावी, निदान दोन शब्द लावावेत, असं त्याला मनापासून वाटलं. तिने त्यातलं काहीच केलं नाही. दुपट्यातली जागा हाताने मोडून टाकली, घडी परत नीट घातली, वर झबली आणि उशी ठेवली आणि सगळं दीपमालापुढे सरकवलं.

बाहेर कुणीतरी हॉर्नवर हात ठेवून उभं होतं. रणजित जागचा हलला नाही.

दीपमालाने सगळं खोक्यात भरलं, चिकटपट्टी लावली. ती मघापासून रणजितकडे बघायचं टाळत होती, ते त्याला कळत होतं. शेवटी तिने खोक्यावर पेन टेकवलं. "पाठवणाऱ्याचं नाव?"

"आईचं लिहा," रणजित घाईघाईने म्हणाला. "बायडाबाई. सगळं तिनेच केलंय."

"माझं नगं." बायडाबाईने पदराने चेहरा पुसला. "रणजित लिवा. अंगडं-टोपडं मामाकडनं जायला पायजे."