उत्तर येईपर्यंत

मंगळावर तात्पुरतं राहण्याचा मृदुलाचा परवाना त्या दुपारी संपत होता. नागरिकत्वाची सुई टोचून घेतली, की हाडं आणि काळीज इथल्या हलक्या वजनाला कायमची जुळत. मग पृथ्वीवर पाऊल ठेवणं म्हणजे मरणच. सुई नाकारली, तर तिला एकटीला परत पाठवणार होते. तिची लेक ईरा इथेच जन्मलेली. पृथ्वीवर ती जगलीच नसती.

संगमनेरला आई अंथरुणाला खिळली होती. तिला सांगायचा धीर मृदुलाला आज, नागरिकत्व केंद्राच्या रांगेत झाला. "आई, मी आता कधीच येऊ शकणार नाही. चालेल ना गं तुला?" एवढाच निरोप तिने पाठवला. पण निरोप पृथ्वीवर पोचून उत्तर यायला पाऊण तास लागे.

"थोडं थांबा ना," तिने डॉक्टरांना विनवलं. "आईचं उत्तर येऊ दे."

"मुदत संपतेय, ताई. नंतर माझ्या हातात काही नाही."

ईराने तिचं बोट घट्ट धरलं होतं. मृदुलाने डोळे मिटून दंड पुढे केला.

ती कापूस दाबून बसली होती, तेव्हा आईचा आवाज आला. तिला धाप लागत होती.

"असं कसं चालेल? एकदा ये ना गं. तू येईपर्यंत मी थांबते."