गप्पी बोलली

"बाई, गप्पी बोलली!"

बाईंचं तोंड फळ्याकडे होतं. भागाकाराची रेघ अर्धीच राहिली. त्या वळल्या. सगळा वर्ग मागच्या कोपऱ्याकडे बघत होता. तिथे गप्पी नेहमीसारखी भिंतीला खेटून बसली होती आणि कपाटाची कडी वरखाली करत होती.

"खरंच?"

"शप्पथ, बाई! तीच बोलली."

हे नाव वर्गानंच ठेवलं होतं. गप्प असते म्हणून गप्पी. डॉक्टरांनी स्वमग्न असा शब्द सांगितला होता, पण तो मुलांच्या जिभेवर काही बसला नाही. चौथीत आली तरी पोरीच्या तोंडून एक शब्द बाहेर पडला नव्हता.

"काय म्हणाली?"

मुलं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली.

"नीट ऐकू नाही आलं," मॉनिटर म्हणाली. एरवी तिला वर्गातली कुजबुजसुद्धा ऐकू यायची.

"अगदी तुमच्यासारखं बोलली, बाई," पहिल्या बाकावरून एक जण म्हणाला आणि शेजारच्याचं कोपर त्याच्या बरगडीत बसलं.

बाईंना ते कोपर दिसलं नाही. त्यांचे डोळे भरून आले होते.

या पोरीसाठी त्यांनी जिवाचं रान केलं होतं. बाक सरकला की ती कान दाबून किंचाळायची, म्हणून बाईंनी घरातले जुने मोजे आणून बाकांच्या पायांत चढवले. पंख्याची घरघर तिला सोसायची नाही, म्हणून मागचा पंखा बंद ठेवला. पाणी, भूक, नको, अशी चित्रांची कार्डं घरी बसून रंगवली. मदतीला खास शिक्षिका येणार, येणार, असं ऐकत वर्ष सरत आलं. शिक्षिका काही आल्या नाहीत. गप्पीचं बिनसलं की सगळ्या वर्गाचं बिनसायचं. भरगच्च वर्ग, त्यात निम्मी मुलं अजून पाढ्यांतच अडकलेली. मग पालक यायला लागले. आमच्या मुलांनी घामानं निथळत का बसायचं?

शेवटी मुख्याध्यापकांनी हात टेकले. "बाई, उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर तिच्या आईला दुसरीकडे बघायला सांगू या. थोडा जरी फरक दिसला असता, तरी मी भांडलो असतो."

आता दिसला होता की फरक! बाईंनी वर्गातूनच आईला फोन लावला.

आई इस्पितळाच्या चादरी धुण्याच्या कामावर होती. रोज शाळा सुटताना फाटकाशी तिचा एकच प्रश्न असायचा, "आज काही बोलली का?" बाईंचं उत्तरही ठरलेलं, "बोलेल हो. धीर धरा." आज बाईंचं वाक्य पुरं व्हायच्या आत "आलेच" म्हणून तिनं फोन ठेवला.

आता सरांनाही बोलावते, असं म्हणत बाईंनी मुलांना मैदानावर सोडलं. मॉनिटर दारात घुटमळली.

"बाई, सरांना नका ना बोलावू."

"का गं?"

"असंच."

"पळ खेळायला," बाई हसून म्हणाल्या आणि मुख्याध्यापकांना बोलवायला गेल्या.

आई धापा टाकत आली. बाह्या दुमडलेल्या, बोटं पाण्यानं पांढरी पडून सुरकुतलेली. ती सरळ लेकीसमोर फरशीवर बसली. अंगाला हात लावलेला पोरीला चालत नाही, म्हणून हात मांडीखाली घेतले.

"राणी, बोल ना. मघाशी बोललीस तसं."

कडी वर गेली, खाली आली.

"आई आहे मी. एकदाच बोल."

कडी वर गेली, खाली आली. मुख्याध्यापकांनी घड्याळाकडे पाहिलं. बाईंच्या तोंडून नकळत सुस्कारा निघाला.

कोपऱ्यातूनही तस्साच सुस्कारा आला. मग आवाज. थकलेला, त्रासलेला, हुबेहूब बाईंचा.

"पालथ्या घड्यावर पाणी आहे सगळं. उद्यापासून आलीच नाही ना ही, तर सुटले मी."

काल मधल्या सुट्टीत गप्पीनं सगळी कार्डं फाडली होती. बाई फरशीवरचे कपटे गोळा करत होत्या आणि शेजारच्या वर्गाच्या बाई दारातून विचारत होत्या, कसं चाललंय म्हणून. त्यांना दिलेलं उत्तर होतं ते. पोर हाताच्या अंतरावर होती. तेव्हा तिच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

मुख्याध्यापक खाकरले. "मग ठरल्याप्रमाणेच करू," कुणाकडेही न बघता ते म्हणाले आणि निघून गेले.

बाईंनी त्यांना थांबवलं नाही. कुठल्या तोंडानं थांबवणार?

"काल मी फार दमले होते," त्या आईला म्हणाल्या. "तुम्ही बोला मला. काय वाटेल ते बोला."

आईनं वर पाहिलंच नाही. ती लेकीच्या ओठांकडे बघत होती. गालावर ओघळलेलं पाणी तिनं खांद्यालाच पुसलं.

"परत म्हण, राणी," ती म्हणाली. "म्हण ना परत."

गप्पीनं परत म्हटलं. सुस्काऱ्यासकट.

"मीसुद्धा घरी असलंच बोलते, बाई," आई म्हणाली. "रोज बोलते. पण माझं काही तिनं आजवर उचललं नाही."